पुदिना

"मिंट," ती म्हणाली,
आणि एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात काढलेला मी,
मला वाटलं टांकसाळ.
"नाही हो काका, पुदिना."
पेन ड्राइव्हवर स्केचपेनानं काढलेलं हिरवं पान
तिनं माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

मृण्मयी. वरच्या मजल्यावरच्या आहिररावांची,
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला.

कॉम्प्युटर मुलाचा. तो पुण्याला गेला, हा जेलरोडलाच राहिला.
चालू केला की शेंगदाणे भाजून, सोलून होईपर्यंत
ठिपके आपले गोल गोल फिरत.
बिटकोजवळचा दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या.
मग आवाज खाली आणून,
"नाहीतर डुप्लिकेट टाकून देतो, कोण बघतंय?"
डुप्लिकेट!
मी पिशवी उचलली आणि घरी आलो.

"एफ-बारा दाबत राहा, सोडू नका."
बहिऱ्याच्या दाराची बेल दाबावी तसा दाबत राहिलो.
पडदा काळा, आणखी काळा, मग हिरवट.
"अजून काहीच बदललेलं नाही," ती म्हणाली,
"हे नुसतं पेन ड्राइव्हवरनं चालतंय."
घर बघायला आलेला भाडेकरू
नळ सोडून बघतो, खिडकी लावून बघतो,
तसा मी तासभर माउस फिरवला.

भाषांची यादी आली. मल्याळमच्या खाली मराठी.
नोटेच्या पाठीवरही तशीच, मल्याळमच्या खाली.
किती वर्षं भिंगातून पाहिली ती ओळ,
वेलांटी तुटली का, शाई फुटली का.
वाचली मात्र कधी नव्हती.
इथं बटणावर लिहिलं होतं : पुढे.
मला म्हणत होतं.

मग ते वाक्य. डिस्क पुसून टाकायची का?
"सगळं घेतलंय ना काढून?"
लग्नाचे फोटो, गॅसची पावती, त्याचे गेम.
एका फाइलचं नाव होतं 'बाबांना सांगायचंय'.
उघडली नाही.
कॉपी केली आणि हो म्हटलं.

त्रेसष्ट टक्क्यांवर लाइट गेली. शनिवारच तो.
इन्व्हर्टरनं शिट्टी धरली,
शालननं न सांगता पंखा बंद केला
आणि आम्ही तिघं घामाघूम,
एका निळ्या पट्टीकडे बघत, जशी ती डोळ्यांनी पुढं सरकणार होती.

सरकली.

"किती द्यायचे?"
"काही नाही."
"आज नाही. आणि वर्षानं?"
"वर्षानंही नाही काका. उघडून बघा, बदला,
कॉपी करा, वाटा कुणालाही."

कॉपी करा.
आमच्याकडे खराब झालेला कागदसुद्धा मोजून,
दोघांच्या सह्या घेऊन जाळायचे.
शिफ्ट सुटली की हात वर, खिसे उलटे.
एकदा डब्यातल्या उरलेल्या मेथीत
चमचा घालून बघितलं होतं त्यांनी.
मला राग नव्हता आला. बरोबरच होतं ते.
आणि ही पोरगी म्हणते, वाटा.

जुना प्रिंटर त्यानं न विचारता ओळखला.
चाचणीचं पान निघालं, रंगांच्या पट्ट्यांचं.
भिंग काढून खिडकीशी नेलं.
तांबडा केसभर सरकलेला.
"पास करू का?" मी विचारलं.
ती म्हणाली, "काय?"

रविवारी देवळाली गावात लोखंडेकडे निघालो,
कटिंगमधला लोखंडे, त्याचाही पीसी असाच मेलेला.
खिशात पेन ड्राइव्ह, पान मीच काढलेलं, जरा आळवासारखं झालंय.
प्रेसच्या गेटासमोर आलो
आणि हात आपोआप अर्धे वर गेले.

पहाऱ्यावरच्या नव्या पोराला वाटलं ओळख दाखवतोय.
त्यानंही हात केला.